फुकटची बाटली

आमच्या भागात, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या जंगलाकडच्या गावांत, एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. "दुकानातली कायले घेता? घरची गाळली का फुकट." पानठेल्यावर म्हणतात, लग्नाच्या मांडवात म्हणतात, आणि आता नागपूरहून येणारे शिकलेले पाहुणेही म्हणायला लागलेत. त्यांना तर मोहाच्या दारूत वर शुद्धपणाही सापडलेला असतो. ठीक आहे. पैसे वाचतात म्हणता ना, मग हिशेब पुरा मांडू.

मोहफूल फुकट पडतं हे खरं. पण ते पडतं पहाटे, मार्च-एप्रिलात, आणि गुरं, हरणं यायच्या आत ते उचलावं लागतं. माय चारला उठायची. टोपली, कंदील, आणि झाडाजवळ पोचेपर्यंत मोठ्याने बोलत राहायचं, कारण मोहफूल अस्वलालाही आवडतं. दहा वाजेपर्यंत कमरेत वाकून एकेक फूल वेचायचं. ओलं पाच किलो वेचलं तर वाळून जेमतेम एक किलो उरतं. मग अंगणात पसरा, उलटंपालटं करा, अवकाळीचं ढग दिसलं की धावत जाऊन गोळा करा.

गाळायची म्हटली की पुन्हा तीच बाई. जंगलातून लाकूड तिनेच आणायचं. फुलं भिजवून चार-पाच दिवस सडवा ठेवायचा, तो फसफसला की चुलीवर चढवायचा. वरच्या गंजातलं पाणी तापलं की वाफेचं पाणी होत नाही, म्हणून ते सारखं बदलत राहायचं. बोरिंगवरून दहा-बारा गुंड पाणी एका भट्टीला सहज लागायचं. जाळ वाढला तर करपट वास येतो, कमी झाला तर धार तुटते. तिथून हलता येत नाही. मामा तेवढे पहिली धार चाखायला वेळेवर हजर असायचे. "पहिल्या धारेची हाये," म्हणून मान डोलवायचे, जसं काही स्वतः गाळली!

आता आकडे घ्या. आमच्या घरी पाच किलो वाळल्या फुलांच्या पाच बाटल्या निघायच्या, त्यातल्या शेवटच्या दोन पाणचट. पाच किलो म्हणजे ओली पंचवीस किलो. वेचणं-वाळवणं मिळून दोन दिवसांचं काम धरा, लाकूड अर्धा दिवस, भट्टी अर्धा दिवस. झाले तीन. रोजगार हमीची मजुरी 2025-26 साली 312 रुपये होती. तिनाचे 936. बाटलीमागे 187 रुपये. फुलांची किंमत मी धरलेली नाही, कारण वेचण्याची मजुरी धरली की ती त्यात आली. लाकडाचीही धरली नाही.

दुकानाचं बघा. 2025 साली सरकारने देशीच्या 180 मिलीची किमान किंमत 80 रुपये केली. आमच्या बाटलीएवढी, म्हणजे 750 मिली, साधारण 333 ला पडते. मामा लगेच म्हणतील, "बघ, निम्म्यात पडली ना!" थांबा मामा. देशीत अल्कोहोल बेचाळीस टक्क्यांच्या वर असतो. घरची पाची बाटल्या एकत्र ओतली तर जोर निम्माच भरतो, हे पिणारेच सांगतात. म्हणजे गाडं बरोबरीत आलं. आणि दुकानाच्या किमतीत सरकारचा करही असतो, घरची तो चुकवते. कर चुकवूनही ती बरोबरीतच राहते, तर वाचलं काय?

वाचतं ते एवढंच, की दुकानाचे पैसे बाप्याच्या खिशातून जातात आणि घरच्या बाटलीचे मायच्या कमरेतून. कंबर काही पावती देत नाही, म्हणून तिला फुकट म्हणायचं. शिवाय घरची संपली की ठेक्यावर जाणं कुणाचं थांबलंय? घरात असली की पाहुणेही जास्त येतात, हा आमचा अनुभव.

आणखी एक खर्च आहे. घरी दारू गाळणं 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. धाड पडते तेव्हा चुलीजवळ कोण सापडतं? आमच्या शेजारच्या काकूंवर केस झाली. त्यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. तारखेला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडायची, वकील वेगळा. पिणारे घरीच बसून होते. बाईला असं कोर्टात फिरवणाऱ्या कायद्याची बाजू मी घेत नाही, त्याचंही तोंड चुलीकडेच असतं.

देवाला, मयतीला, लग्नाला गोंड घरांत मोहाची धार लागते. तो रिवाज आहे, त्यात कुणी बचत मोजत नाही. माझं भांडण रोज संध्याकाळच्या 'फुकट'शी आहे.

वाळल्या मोहफुलांना केंद्राने 2020 मध्ये किलोला 30 रुपये हमीभाव ठरवला. पाच किलोचे दीडशे. फार नाहीत. पण ते मायच्या पदराच्या गाठीत जातात, आणि लाकूड, पाणी, रात्रीचा जाळ सगळं सुटतं. गेली काही वर्षं ती फुलं वाळली की सरळ विकते. मागच्या उन्हाळ्यात मामा पिशवी घेऊन आले. मायने तराजू काढला आणि तीसचा भाव सांगितला. "सख्ख्या भावाले भाव सांगतेस का वं?" मामा म्हणाले. ती काहीच बोलली नाही, तराजू धरून उभी राहिली. शेवटी त्यांनी दोन किलो घेतली. गाळायला त्यांना अजून कुणी मिळालेलं नाही.