तलाव खोल झाला; जिवंत राहिला का?

उन्हाळा लागला की भंडारा जिल्ह्यातील अनेक तलावांच्या कोरड्या पात्रात जेसीबी उतरतात. गाळ शेतात जातो, पाणीसाठा वाढतो आणि तलाव सुधारला असे मानले जाते. साठा वाढायलाच हवा. पण तलाव म्हणजे पाण्याची टाकी नव्हे.

‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जाणारे हे माजी मालगुजारी तलाव कोहळी समाजाने सुमारे ३०० वर्षांपूर्वी बांधले. धानाला पाणी आणि ढिवरांना मासळी, अशी दोन्ही पोटे ते भरत आले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. तेव्हापासून त्यांचा हिशेब मुख्यतः सिंचनाच्या हेक्टरांत होतो.

तलावाचे खरे जीवन त्याच्या उथळ कडांवर असते. तिथे ऊन तळापर्यंत पोहोचते, म्हणून पाणवनस्पती वाढतात. त्या पाण्यात प्राणवायू सोडतात, गाळ धरून ठेवतात. कीटक आणि गोगलगायी तिथेच वाढतात, मासे तिथेच अंडी घालतात. सगळे पात्र सरसकट खोल खरवडले की हा उथळ पट्टा जातो आणि गाळातले बी-कंदही ट्रॉलीत भरून निघून जातात. मोकळ्या झालेल्या काठावर बेशरम माजते. तिला गुरे तोंड लावत नाहीत आणि तोडलेल्या फांदीलाही मुळे फुटतात.

याचा फटका थेट ताटाला बसतो. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज दरवर्षी विकत आणावे लागते. मरळीसारखे स्थानिक मासे मात्र आसरा मिळाला की तलावातच वाढतात. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी गरिबाच्या घरात प्रथिनांसोबत कॅल्शियमही आणते. पाणवनस्पती गेल्या की ही फुकटची पोषण योजना बंद पडते.

उपाय दूर नाही. १९९९पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या साथीने तलावांतील बेशरम उपटली, पात्र नांगरले आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यानंतर मासे वाढले, पक्षीही परतले.

त्यामुळे गाळ काढण्याच्या प्रत्येक अंदाजपत्रकात दोन गोष्टी सक्तीच्या हव्यात. काठाचा उथळ पट्टा राखायचा आणि पाणवनस्पतींच्या लागवडीसाठी वेगळा निधी ठेवायचा. कोणती वनस्पती कुठे लावायची, हे ढिवरांना विचारावे. तलावाचा तळ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक असणार? आणि काम झाल्यावर मोजणी फक्त घनमीटरची नको. पुढच्या पावसाळ्यात त्या तलावात किती जातींचे मासे सापडले, तेही लिहून ठेवावे.