आधी अक्षर की आधी मत?

परवा आमच्या गावच्या पारावर एक शिकलेसवरलेले गृहस्थ म्हणाले, “ज्यास सही करता येत नाही, त्यास मताचा हक्क असूच नये. विलायतेत लोक आधी शहाणे झाले, मग त्यांच्या हाती राज्य आले.” आम्ही जन्मभर मुलांस अक्षरे गिरवावयास लावून पोट भरतो, तेव्हा हे बोलणे आम्हांस गोड लागावयास हवे होते. पण ते खरे नाही, आणि खोटे ऐकून मास्तराने गप्प बसणे ही पेशाशी बेइमानी होय. म्हणून विलायतेच्या इतिहासाची चार पाने वाचकांपुढे ठेवतो.

१२१५ साली थेम्स नदीकाठी रनीमीड येथे सरदारांनी जॉन राजास पेचात धरून मॅग्ना कार्टा ही सनद कबूल करविली. बरोबरीच्या लोकांच्या निवाड्यावाचून वा देशाच्या कायद्यावाचून कोणाही स्वतंत्र माणसास धरू नये, असे तीत कलम होते. वाचकहो, शब्द नीट पाहा. स्वतंत्र माणसास! ज्यांच्या घामावर सरदारांचे वाडे उभे होते, ती जमिनीस जखडलेली कुळे या कलमाबाहेरच राहिली. १३८१ साली वॉट टायलरच्या मागे ही रयत उठली, तेव्हा दुसऱ्या रिचर्ड राजाने तिला मुक्ततेचे कागद लिहून दिले. टायलर मारला जाताच ते रद्द केले.

पुढे १६७९ च्या हेबियस कॉर्पस कायद्याने बेकायदा कैदेस आणि १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने राजाच्या मनमानीस आळा बसला. हे मोठेच काम झाले; परंतु पार्लमेंट जमीनदारांचेच राहिले. १८३२ च्या सुधारणेसाठी मजुरांनीही रस्त्यांवर आरोळ्या ठोकल्या. कायदा झाला तो असा की, शहरात वर्षाला १० पौंड भाड्याच्या किमतीचे घर असेल त्या पुरुषास मत! मध्यम वर्ग दारातून आत गेला आणि त्याने आतून कडी लावून घेतली.

मजुरांनी मग चार्टिस्ट चळवळ उभारली. सर्व प्रौढ पुरुषांस मत आणि ते गुप्त असावे, या त्यांच्या सहा मागण्यांपैकी दोन. १८४२ साली तीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढे आला. अर्जदारांचे म्हणणे ऐकून घेण्याचेही २८७ विरुद्ध ४९ मतांनी नाकारण्यात आले. का? तर हे लोक अडाणी!

आता खरी गंमत पुढे आहे. १८६७ साली शहरांतील घरबारी कामगारांस मत मिळाले. त्यास कडाडून विरोध करणारे रॉबर्ट लो हेच मग म्हणू लागले की, या नव्या धन्यांस आता शिकविले पाहिजे. १८७० साली मुलुखभर प्राथमिक शाळांची सोय करण्याचा कायदा झाला. १८८० साली शिक्षण सक्तीचे झाले आणि १८९१ पासून बहुतेक मुलांची फी सुटली. खेड्यांतील मजुरांस मत १८८४ साली, आणि स्त्रियांस पुरुषांबरोबरीचे मत तर १९२८ साली मिळाले.

म्हणजे मत आधी आले, सर्वांसाठी शाळा मागून आली. आणि ते साहजिकच आहे. ज्याच्या मताची गरज नाही, त्याच्या पोराच्या शाळेची काळजी कोण वाहणार?

आपल्या घटनेने १९५० साली हा जिना एका उडीत चढविला. १९५१ च्या शिरगणतीत पाचांत एकासही लिहितावाचता येत नव्हते, तरी मत सर्वांस दिले. असे असूनही २०१५ साली हरियाणात पंचायतीस उभे राहण्यासाठी शिक्षणाची अट आली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच साली ती उचलून धरली. ज्याच्या दारी शाळा वेळेवर पोहोचली नाही, त्यासच शिक्षा! कसूर शाळा न देणाराची, आणि दंड न शिकलेल्यास, हा कुठला न्याय?

आमचे सांगणे इतकेच. बंधुभगिनींनो, पोरांस शाळेत घाला, पोरींस आधी घाला. पण ज्या आईबापांस अक्षर आले नाही, त्यांनी आपल्या अंगठ्याची लाज धरू नये. मतपेटीस सही आणि अंगठा यांतला भेद कळत नाही, हाच तिचा मोठेपणा आहे.