दोष कंपनीचा की घरचा? आधी तपासा, मग पैसा खर्च करा

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. ताक्यावर डाग दिसला म्हणून कोणी लगेच गिरणीशी भांडायला उठत नाही. आधी ताका उजेडात उलगडतात. डाग एकाच घडीवर आहे की आतपर्यंत गेला आहे, हे पाहतात. त्यावरून कळते की दोष विणाईचा आहे, वाहतुकीचा आहे की आपल्याच गोदामातल्या ओलीचा. वाय-फायच्या बाबतीत मात्र आपण व्यापारी ही समज गुंडाळून ठेवतो. इंटरनेट अडले की कंपनीला शिव्या देतो आणि त्याने भागले नाही तर महागडा प्लॅन घेतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. आमचे पुढे दुकान, मागे घर व मध्ये अंगण. राउटर घरातल्या खोलीत आणि बिलाचा संगणक दुकानात गल्ल्यापाशी. गेल्या उन्हाळ्यात आदिलाबादच्या एका गिऱ्हाइकाचा माल बांधून तयार होता, गाडी दारात उभी होती आणि ई-वे बिल काही निघेना. माल परराज्यात जाणारा, बिलाशिवाय गाडी सोडणार कशी? गाडी दुपारभर खोळंबली. संतापाच्या भरात मी वर्षाचे पैसे भरून दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

शेवटी पुतण्या मोबाईल हातात घेऊन घरापासून दुकानापर्यंत चालत गेला. खोलीत वेग उत्तम होता, अंगणात येताच गायब. मध्ये काय होते? खिडकीत बसवलेला कूलर! वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. विटांची जाड भिंत त्यांना मंद करते, पत्रा परतवून लावतो आणि पाणी शोषून घेते. विदर्भातल्या कूलरला पत्राही आहे आणि पाण्याची टाकीही. पावसाळ्यात कूलर उतरला की इंटरनेट सुधारायचे आणि आम्ही समजायचो, कंपनीने लाईन दुरुस्त केली.

यातून जी गोष्ट कळली ती प्रत्येक दुकानदाराने ध्यानात घ्यावी. कंपनीचे काम राउटरपाशी संपते. त्यापुढची हवेतली वाट आपली स्वतःची आहे. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ साली परवान्यातून मुक्त केला. म्हणजे त्या पट्ट्यात शेजाऱ्याचा राउटरही बोलतो, ब्लूटूथही बोलते आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गडबड करतो. तिथल्या गर्दीची तक्रार कोणाकडे करणार? बंदोबस्त आपल्यालाच करावा लागतो.

म्हणून इंटरनेट अडले की तीन प्रश्न विचारावेत. पहिला, एकाच यंत्राला अडचण आहे की सर्वांना? एकालाच असेल तर दोष त्या यंत्रात आहे. दुसरा, राउटरजवळही अडते की लांब गेल्यावरच? लांबच अडत असेल तर दोष वाटेत आहे. तिसरा, नेहमी अडते की ठराविक वेळी? संध्याकाळीच अडत असेल तर आजूबाजूची गर्दी हे कारण असू शकते. शेवटी संगणक तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेवरही वेग मिळत नसेल तर राउटर दोन मिनिटे बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही फरक पडला नाही, तरच कंपनीला फोन करावा.

उपायही फार खर्चाचे नाहीत. राउटर लोखंडी कपाटात किंवा फ्रिजमागे न ठेवता उंच, मोकळ्या जागी ठेवावा. २.४ चा पट्टा भिंतीतून लांब जातो पण त्याचा वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान पण त्याची धाव आखूड. बाजारात भिंतीला भिंत लागून दुकाने असतात. तिथे २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे निवडावे, कारण हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत. आणि जे जागचे हलत नाही, त्याला तार. जे हातात फिरते, त्याला वाय-फाय. आम्ही अंगणावरून एक तार गल्ल्यापर्यंत आणली. तिचा खर्च त्या वाढीव प्लॅनच्या मानाने काहीच नव्हता.

याचा अर्थ कंपनी नेहमी निर्दोष असते असा नाही. फायबरच्या डबीवर एल.ओ.एस.चा लाल दिवा लुकलुकत असेल तर बाहेरची तार तुटलेली किंवा सुटलेली आहे. ते काम कंपनीचेच. अशा वेळी तोंडी बोलून थांबू नये. २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीने तक्रार क्रमांक द्यायचा असतो आणि समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. घरचा दोष आधी तपासलेला माणूस तिथे ठामपणे बोलू शकतो.

खरी अडचण निराळीच आहे. आम्ही हा विषय "पोरांचा" म्हणून सोडून दिला. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. राउटरच्या इंग्रजी पानाची मलाही धास्ती वाटायची. पुतण्याशेजारी दोन संध्याकाळ बसलो तेव्हा ती गेली. त्याच बैठकीत समजले की राउटरचा मूळ पासवर्ड कधी बदललेलाच नव्हता आणि वाय-फायचा पासवर्ड अर्ध्या बाजाराला ठाऊक होता. गल्ल्याची किल्ली आपण कोणाला देत नाही आणि ज्या वाटेने हिशेब, जीएसटी व बँक चालते तिची किल्ली मात्र येईल त्याला देतो! गिऱ्हाइकांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवावे.

व्यापारी बांधवांनी आणि कारागिरांनी आपला गज व तराजू कधी दुसऱ्याच्या भरवशावर सोडला नाही. २०१७ पासून जीएसटीचा विवरणपत्र-व्यवहार या राउटरवरून होतो, मग तोही तराजूच समजावा. मी वर्षभराचे जादा पैसे भरून हा धडा घेतला. वाचकांनी तो फुकट घ्यावा. पुढच्या उन्हाळ्यात कूलर बसवण्यापूर्वी राउटर कुठे आहे, एवढे तरी पाहून घ्यावे.