श्रद्धेच्या प्रवासाला सावधतेची जोड

गणेशचतुर्थी जवळ आली की मुंबई-पुण्याच्या घराघरांतून कोकणची वाट धरण्याची लगबग सुरू होते. निघताना नारळ वाढविला जातो, वाहनाला हार चढतो, सुखरूप पोहोचण्याचे मागणे देवापुढे मागितले जाते. हे सारे योग्यच आहे. परंतु भरल्या नद्यांवरून जाताना वाहन पाण्यात पडलेच तर काय करावे, हा विचार मात्र अभद्र मानून टाळला जातो. ही समजूत आता टाकून दिली पाहिजे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल महापुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याचे दर्शन घेऊन परतणारी मिनीबस कोल्हापुरात पंचगंगेत कोसळली आणि तेरा जण प्राणास मुकले. सावित्रीच्या त्या प्रलयापुढे मनुष्याचे शहाणपण फारसे चालले नसते. पण प्रत्येक अपघात तसा नसतो.

मोटार पाण्यात पडताच तळाला जात नाही. बहुधा अर्धे ते दोन मिनिटे ती तरंगते, आणि जीव वाचवायचा तो याच अवधीत. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी मोटारी प्रत्यक्ष पाण्यात बुडवून प्रयोग केले. त्यांनी सांगितलेला क्रम सोपा आहे : पट्टा सोडा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर काढा व मागोमाग स्वतः निघा. दूरध्वनी करण्यात वेळ दवडू नये.

दाराच्या नादी लागणे घातक. एक मीटर रुंदीच्या दाराबाहेर अर्धा मीटर पाणी चढले, तर सुमारे १२५ किलो वजनाइतका दाब त्यावर येतो. शिवाय दार उघडलेच तर पाणी आत लोटून गाडी लवकर बुडते. काच उतरत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीने प्रहार करावा. समोरची काच थरांची असल्याने सहजी फुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच असतात, म्हणून आपल्या गाडीची चौकशी आधीच करून ठेवावी.

‘देव तारी त्याला कोण मारी’ असे म्हणून या तयारीकडे पाठ फिरविणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी भागवतातील गजेंद्र आठवावा. नक्राने पाय धरला तेव्हा तो स्वस्थ उभा राहिला नाही. अंगातले बळ सरेपर्यंत झुंजला आणि मग त्याने नारायणाचा धावा केला. प्रयत्न हा श्रद्धेचा वैरी नव्हे.

तेव्हा यंदा निघण्यापूर्वी आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाला पट्टा सोडता येतो की नाही, हे पाहून घ्यावे. हातोडी चालकाच्या हाताशी ठेवावी. आणि पुलावर पाणी दिसताच गाडी थांबवावी. दोन फूट वाहते पाणी बहुतेक वाहनांना ओढून नेते. पूजेला चार घटका उशीर झाला म्हणून गजानन रुसणार नाही. पण वाटेत माणूस गमावलेल्या घरात आरतीचे तबक कोणी उचलावे?