झाड हिरवे, आत बांगडी

परवा आंबिवली स्टेशनबाहेर घेतलेले बटाटे घरी चिरायला बसलो. साल स्वच्छ, पण दोन-तीन बटाट्यांच्या डोळ्यांना माती चिकटून बसलेली. ते कापले तर सालीच्या आत तपकिरी कडे, आणि अंगठ्याने दाबताच पांढरट चिकट थेंब वर आले. पुणे भागातले जुने शेतकरी याला ‘बांगडी’ म्हणत. वनस्पतिरोगतज्ज्ञ अर्विन स्मिथने १८९६ मध्ये हा मर रोग घडवणाऱ्या जिवाणूचे वर्णन केले. पुढे त्याचे शास्त्रीय नाव बदलत बदलत १९९५ मध्ये राल्स्टोनियावर येऊन थांबले. बांगडी तीच राहिली.

मर रोगापुढे बटाट्याच्या जाती किती टिकतात, याच्या चाचण्यांचे अहवाल आमच्याकडे छापायला येतात, त्यांत मुख्य आकडा एकच असतो: किती झाडे मेली. कमी मेली की जात ‘प्रतिकारक’. आमचे भांडण इथेच आहे. मर रोगाला पुरून उरेल अशी बटाट्याची लागवडीची जात आजवर कुठेच नाही. जी तग धरते, तिचे झाड शेवटपर्यंत हिरवे राहते आणि जिवाणू गुपचूप कंदात उतरू शकतो. तेच कंद पुढच्या हंगामात बेणे म्हणून दुसऱ्याच्या रानात जातात. चटकन मान टाकणारी जात निदान ओरडून सांगते तरी!

दक्षिण अमेरिकेतल्या फुरेजा बटाट्यापासून आणलेली प्रतिकारशक्ती गार डोंगरात टिकली, उष्ण जमिनीत ढिली पडली. म्हणून पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावरचा निकाल कोकणात जसाच्या तसा चालवू नये. शिवाय आमच्याकडे भातानंतर लावलेल्या वांग्याला धरणारा जिवाणू त्याच कुळातला असला, तरी त्याचा वाण वेगळा असू शकतो.

चाचणीच्या रोगट वाफ्यात दर काही ओळींनी हमखास मरणारी जात लावाच. तीच मेली नाही, तर बाकीच्यांचे गुण मोजण्यात अर्थ नाही. सुकलेल्या झाडाचे खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा. काही मिनिटांत दुधी धागे खाली उतरले तर मर जिवाणूचीच. हिरव्या झाडाच्या कंदात मात्र ही युक्ती चालेलच असे नाही. ते कंद ३० अंशांच्या आसपास, दमट जागी काही आठवडे ठेवून कापावे लागतात, किंवा प्रयोगशाळेत एलायझा चाचणीला द्यावे लागतात. वेळखाऊ काम आहे, मान्य.

तरीही पुढच्या अंकापासून ज्या अहवालात कंद कापल्याचा रकाना नसेल, तो आम्ही छापणार नाही. मातीचे तापमानही लिहून पाठवा.