डेपोवर मरतो तो कामगार नाही का?

चुडाव्याच्या बैठकीत कचरावेचकांचा विषय काढला, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता उसळून म्हणाला, "बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली आणि तुम्ही त्याच कामासाठी ओळखपत्र मागता?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टं-शिळं आणि मेलेल्या जनावराचं मांस नाकारायला सांगितलं. त्याच साली मुंबईत देवनारचा कचरा डेपो सुरू झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या कितीतरी बौद्ध आणि मातंग बायांच्या हाती शहराने कचराच दिला. गाव सुटलं, जात सोबत आली.

डेपोवर काय असतं? इंजेक्शनची सुई, फुटकी काच, ढिगाच्या पोटात धुमसणारा मिथेन, अंगावर येणारा डंपर, पावसात घसरणारा ढीग. १० जुलै २००० रोजी फिलिपिन्समध्ये पायाटासचा कचऱ्याचा डोंगर कोसळला आणि दोनशेहून जास्त माणसं गाडली गेली. मार्च २०१७ मध्ये इथिओपियात आदिस अबाबाला शंभराहून जास्त. ढिगाच्या पायथ्याशी झोपड्या बांधून राहणारी ही माणसं. याला नैसर्गिक आपत्ती म्हणू नका. तो ढीग निसर्गाने रचलेला नसतो.

आपल्याकडे भरपाई मागायची तर मालक दाखवावा लागतो. वेचक बाईचा मालक कोण? पालिका म्हणते, आमच्या हजेरीपटावर नाही. ठेकेदार म्हणतो, ती चोरून आत आली. भंगारवाला म्हणतो, मी फक्त वजन करतो. तिच्या मेहनतीवर तिघांचंही भागतं, पण बोट कापलं की ती कोणाचीच नसते. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटलं, तेव्हा उपाय काय केला? वेचकांनाच आत यायला अटकाव!

त्याच वर्षी आलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वेचकांना मान्यता द्या, घरोघरच्या संकलनात सामावून घ्या असं बजावलं. कचरा हाताळणाऱ्यांना हातमोजे, बूट, मास्क द्या, हेही सांगितलं. हे अशक्य नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिने ओळखपत्रं मिळवली, महापालिकेच्या पैशातून आरोग्य विमा मिळवला. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही वेचकांची सहकारी संस्था घरोघरच्या संकलनात उतरली. म्हणजे ओळखपत्र हे डेपोवर बांधून ठेवणारं दावं नाही, डेपोबाहेर पडायची पहिली पायरी आहे.

आणि मित्रा, मुंबईच्या सफाई कामगारांसाठी म्युनिसिपल कामगार संघ बाबासाहेबांनीच उभा केला होता. 'आधी झाडू टाका, मग हक्क मागा' अशी अट त्यांनी घातली नव्हती. काम सुटेपर्यंत काम करणाऱ्याने हक्काविना मरायचं, हे कुठल्या आंबेडकरवादात बसतं?

आता स्वतःकडे बघू. १४ एप्रिलला आपण मिरवणूक काढतो. पाण्याचे पाऊच, पत्रावळ्या, फ्लेक्स रस्त्यावर टाकतो. १५ तारखेला पहाटे ते कोण वेचतं? आपलीच मावशी. तिला साडी-नारळ देऊन 'स्वच्छतादूत' म्हणायचं नाटक पुरे झालं.

पूर्णा नगरपालिका असो की परभणी महापालिका, माहिती अधिकारात तीन प्रश्न टाका: किती वेचकांची नोंद केली? किती ओळखपत्रं दिली? डेपोवरच्या अपघातांची नोंदवही कुठे आहे? आणि हे अर्ज तिला सोबत घेऊन, तिच्या सहीने किंवा अंगठ्याने टाका. तिची पोरं त्या वेळी शाळेत असतील, हेही बघा.

जयभीम! जय संविधान!