काचेत धोटा ठेवाल, थुंकी कुठं ठेवाल?

गिरणी मेली की तिचं म्युझियम होतं. गिरणीत मेलेल्या माणसाचं काय होतं, ते कुणी सांगत नाही.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनमध्ये मुंबई महापालिका वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायला निघालीय. दहा वर्षांहून जास्त काळ हे गुऱ्हाळ चाललंय. तळं काय, रंगीत कारंजी काय, भिंतीवर चित्रं काय! साचे पुसूनपासून मांडायचे. मांडा. मी हिंगोलीकडचा, मॅट्रिक झालेला गोदी कामगार. जुन्या भिंतींशी माझं वैर नाही. माझं भांडण त्या भिंतीवर लागणाऱ्या पाटीशी आहे. सगळ्या जातींचे कामगार इथं खांद्याला खांदा लावून राबले, असलं काहीतरी त्या पाटीवर येणार. आजच लिहून देतो.

खोटं आहे, दोस्तहो. साफ खोटं.

साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्याला घेत नव्हते. का? कांडीवरचं सूत संपलं की विणकऱ्यानं नवी कांडी धोट्यात घालायची आणि धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून काढायचा. एकाची थुंकी दुसऱ्याच्या ओठाला. महाराची थुंकी लागली तर सवर्ण बाटणार! आणि पगार जास्त कुठं? त्याच साळखात्यात. आमची माणसं कातण्याच्या खात्यात कमी पगारावर छातीत कापूस भरत राहिली.

आता गंमत बघा. माझी आजी कळमनुरीकडं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. बोंडं टोचून तिची बोटं रक्ताळायची. तो कापूस नाही बाटला. आमच्या माणसांनी गाठी पाठीवर वाहिल्या, त्या नाही बाटल्या. आमच्याच हातानं सूत कातलं, तेही नाही बाटलं. धोट्याच्या भोकापाशी आलं अन् एकदम सोवळं झालं! काहून? तर तिथं चार पैसे जास्त होते.

1928 सालचा मोठा संप सहा महिने चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना ठणकावलं, सगळ्या खात्यांत अस्पृश्यांना काम मिळण्याची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसं संपापासून दूर राहतील. पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. साल्यांनी अर्धं खरंच सांगितलं. दार लावलं होतं शेजारच्या कामगारबंधूनं. मालक त्या बंद दारावर नफा खात होता.

18 जानेवारी 1982 ला अडीच लाख माणूस संपावर गेला. तो संप मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलं नाही. तेव्हा भुकेनं जात विचारली नाही, कबूल. पण भूक एक झाली म्हणून साळखात्याचं दार इतिहासातून पुसायचं काय? लाल झेंड्याच्या दोस्तांनीही याचं उत्तर द्यावं.

याच कंपनीची सहा नंबरची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल, चैत्यभूमीला लागून. तिथं 6 डिसेंबर 2011 ला आपली माणसं आत घुसली, तेव्हा सरकारची झोप उडाली. 2015 साली स्मारकाचं भूमिपूजन झालं. ती साडेबारा एकर कुणी दान दिलेली नाही, रेटून घेतली. आता काळाचौकीला घुसायचंय. तिथं जमीन नको, भिंत पाहिजे.

पहिल्याच साच्यासमोर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, इथं अस्पृश्यांना बंदी होती. थुंकीचं कारणही लिहा. 1928 ची मागणी त्याच्या शेजारी लावा. कातण्याच्या खात्यातले जे म्हातारे-म्हाताऱ्या उरलेत, त्यांचं बोलणं ते मरायच्या आत टेप करा. अन् त्यांच्याकडून तिकीट घेऊ नका.

एवढं लिहायला महापालिकेची शाई पुरत नसेल तर आम्हाला कळवा. गोदीत डांबर भरपूर आहे.